स्टेशन ते एस.टी. फाटा : सहाशे वीस मीटरच्या कामाच्या नोंदी

गाव वर्धा आणि बडनेऱ्याच्या मधलं, मुख्य लाइनवरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या नोंदींत गावातल्या माणसांशी झालेले वादही आहेत आणि ती माणसं रोज भेटतात. मी आर्किटेक्ट. मुंबईत सात वर्षं स्टेशन परिसरांचे आराखडे काढले, 2023 मध्ये घरी परत आलो. सोबत एक गवंडी, एक वेल्डर, पॉलिटेक्निकची दोन पोरं आणि ग्रामपंचायत. काम म्हणजे स्टेशनाच्या दारापासून एस.टी. फाट्यापर्यंतची पायवाट नीट करणं. आपल्या गावच्या स्टेशनाबाहेर असं काही करायचं मनात असेल, तर आमचे पैसे आणि दिवस कुठं वाया गेले ते आधी वाचा.

19 जानेवारी 2025

सुरुवात केली. आमचं स्टेशन गावाकडं पाठ करून का उभं आहे हा प्रश्न लहानपणापासून होता. रेल्वे नागपूरला पोचली 1867 साली. अमेरिकेत यादवी युद्ध होऊन तिथला कापूस थांबला होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. त्या काळातल्या स्टेशनांची तोंडं मालधक्क्याकडं आणि कापसाच्या गंजीकडं. माणसांची सोय नंतरची. म्हणून आजही आमच्याकडं गाडीतून उतरलेला माणूस आधी गोदामाच्या भिंतीला वळसा घालतो आणि मग गावाच्या रस्त्याला लागतो. स्टेशनाच्या दारापासून हायवेवरचा एस.टी. फाटा 620 मीटर. टेप लावून मोजलं आहे.

रेल्वेच्या स्टेशनं सुधारायच्या अमृत भारत योजनेत देशातली तेराशेच्या आसपास स्टेशनं घेतली आहेत. 6 ऑगस्ट 2023 ला एका दिवशी 508 स्टेशनांची पायाभरणी झाली. आमचं गाव यादीत नाही. पण त्या योजनेच्या उद्दिष्टांत एक फार चांगली गोष्ट लिहिलेली आहे: स्टेशन शहराच्या दोन्ही बाजूंना जोडायचं, बस-ऑटोशी सांधायचं. एवढं करायला रेल्वेची इमारत लागत नाही. फाटकाबाहेरचा रस्ता ग्रामपंचायतीचा आहे. तिथून सुरू करू, असं सरपंचताईंशी बोलून ठरलं.

नऊ दिवस बसून आराखडा काढला. स्टेशनासमोर गोल चौक, मधे कारंजं, ऑटोचा थांबा, चाळीस दुचाक्यांचं पार्किंग. चित्र देखणं झालं. पुढं त्यातलं काहीच वापरलं नाही.

28 जानेवारी, मंगळवार

बाजाराचा दिवस. पहिली मोजणी आम्ही रविवारी केली होती, ती फुकट गेली. रविवारी कॉलेजची पोरं नाहीत, कोर्टकचेरीची माणसं नाहीत, बाजारकरू नाहीत. मोजणी करायची तर किमान तीन दिवस: एक साधा, एक बाजाराचा, एक सुट्टीचा.

पद्धत सोपी. एक पोरगा स्टेशनच्या दारात, एक फाट्यावर, दोघांकडं वही. उतरलेल्यांत बाई, पुरुष, लेकरू, हातात ओझं आहे का, आणि गेले कशानं. सकाळच्या गाडीला 143 उतरले. त्यांतले 96 चालत फाट्याकडं गेले, निम्म्याहून जास्त बाया. मी चित्रात सगळ्यात मोठी जागा ऑटोला दिली होती. ऑटोत बसले 11.

एका मावशीला विचारलं, ऑटो का नाही केला? "ऑटोले तीस रुपये देऊ का बापा? फाट्यावर यष्टी भेटते, अर्धं तिकीट. पायीच जातो आमी."

17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट झालं. त्यानं आमच्या स्टेशनाचा नकाशाच बदलला होता आणि मला घरी बसून ते दिसलं नाही. तालुक्याला जाणारी बाई आता स्टेशनापाशी काळीपिवळीत बसत नाही, एस.टी.साठी फाट्यापर्यंत चालते. मुंबईच्या ऑफिसात आम्ही ठाणे स्टेशनाबाहेरचा सॅटिस हा वाहतूक प्रकल्प अभ्यासायचो. बस वरच्या डेकवर, रिक्षा खाली, माणूस मधून मोकळा. तिथं ते बरोबर आहे, कारण तिथं स्टेशनच्या दारातच वाहनांचा गुंता आहे. आमच्या दारात गुंता नाहीच. आमचं दुखणं दारापासून पुढं सहाशे वीस मीटर पसरलेलं आहे. कारंज्याचा कागद गुंडाळून ठेवला.

9 फेब्रुवारी

आज स्वतः चाललो. एकदा रिकाम्या हातानं: 8 मिनिटं. मग वहिनी, तिचं चार वर्षांचं लेकरू आणि दोन पिशव्या घेऊन: 14 मिनिटं, तीन वेळा थांबून. कुठं थांबलो ते कागदावर फुली मारून टिपलं. मग पोरांना तीन दिवस बसवून इतर लोक कुठं थांबतात तेही टिपलं. फुल्या त्याच चार ठिकाणी पडल्या: गोदामाच्या कोपऱ्यावरचा कडुलिंब, बोरिंग, मेडिकलची पायरी आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) गेटचा ओटा. कोणीही न ठरवता गावानं स्वतःच चार थांबे बनवले होते. आमचं काम त्या चार जागा नीट करायचं, नवीन जागा शोधायचं नाही.

सावली मोजली तर फक्त 140 मीटर. उघडी नाली 90 मीटर. संध्याकाळच्या गाडीनंतर जिनिंगच्या भिंतीजवळचा पट्टा पूर्ण अंधारा. तिथं बाया रस्त्याच्या मधून चालतात, मागून ट्रॅक्टर आला तरी कडेला होत नाहीत. तेवढी भीती त्या कडेची आहे.

23 फेब्रुवारी

रस्त्यावर चुन्याची फक्की मारून पायवाट खऱ्या मापात आखली. रुंदी 1.8 मीटर, म्हणजे डोक्यावर टोपलं घेतलेल्या दोन बाया एकमेकींना ओलांडू शकतील एवढी. ज्यांना नकाशा वाचता येत नाही त्यांना ही रेघ लगेच कळते. बंडीवाल्या भाऊंनी बैलांसह वळण घेऊन दाखवलं आणि कपाशीची ट्रॉली कुठं अडेल ते सांगितलं. कागदावर ते वळण मला पुरेसं वाटलं होतं, प्रत्यक्षात दीड मीटर कमी पडत होतं.

पायवाट मी पूर्वेच्या कडेनं आखली होती, कारण तिथं दुकानं कमी आणि वाद कमी. चहावाले काकाजी दुपारी चारला आले आणि नुसते रस्त्याच्या पश्चिम कडेला जाऊन उभे राहिले. ते सावलीत होते, मी उन्हात. आमचा रस्ता उत्तर-दक्षिण. दुपारनंतर पश्चिमेकडच्या घरांची सावली त्याच बाजूच्या कडेवर पडते, आणि परतीचे लोक स्टेशनाकडं येतात ते साडेतीन ते पाचला. मे महिन्यात तीच सगळ्यात वाईट वेळ. म्हणजे पायवाट पश्चिमेलाच हवी, वाद झाले तरी. फक्की पुसून परत आखली. फक्कीच्या आठ गोण्या, 1,200 रुपये. या पूर्ण कामातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च हाच.

4 मार्च, मंगळवार

बाजाराच्या दिवशी चाचणी. गॅरेजमधून 22 रिकामे पत्र्याचे ड्रम घेतले, 250 ला एक. रंग दिला आणि पायवाटेच्या बाहेरच्या कडेनं ठेवले. सकाळी दहापर्यंत नऊ ड्रम सरकवलेले, दोन गायब. भाजीवाल्या मावश्या पायवाटेच्या आत बसलेल्या.

मी चिडलो आणि पोरांना त्यांना उठवायला लावलं. ही माझी चूक. अर्ध्या तासात त्या परत तिथंच बसल्या, आणि का बसल्या ते नंतर शांतपणे विचारलं तेव्हा कळलं. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे गाडीतून उतरून चालत येणारी बाई. ती ज्या वाटेनं चालणार त्या वाटेला लागूनच त्या बसणार.

पुढच्या मंगळवारी त्यांना पायवाट आणि डांबर यांच्या मधे 1.2 मीटरचा पट्टा आखून दिला, तोंड पायवाटेकडं, पाठ रस्त्याकडं. पाठीमागं ड्रम. कोणालाही सांगावं लागलं नाही. दुचाक्या पायवाटेत घुसत होत्या त्याही थांबल्या, कारण आता मधे मावश्यांची ओळ होती. मी आराखड्यात जिथं लोखंडी कठडा दाखवला होता तिथं आता मेथी-सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) जुड्या आहेत. कठड्याचे अंदाजे 60 हजार वाचले.

16 मार्च

बारा दिवस काम बंद. कारण मीच. स्टेशनच्या दारासमोरचे पहिले तीन मीटर आम्ही खणायला घेतले आणि ती जमीन रेल्वेची निघाली. सीमेचे दगड उकिरड्याखाली गाडले गेले होते, मी शोधले नाहीत. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांनी सांगितल्यावर खड्डा बुजवला, लेखी माफी दिली.

करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: फक्की मारण्याआधी सीमेचे दगड शोधा, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर त्यांना चुना लावा, फोटो काढून ग्रामपंचायतीच्या पत्राला जोडा. आमची पायवाट आता दगडापासून अर्धा मीटर अलीकडं सुरू होते.

पलीकडच्या वस्तीचा प्रश्नही याच वेळी निघाला. तिथली माणसं रूळ ओलांडून येतात. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे आणि जिवावरचं तर आहेच. पण पादचारी पूल प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला आहे आणि भुयारी मार्गात पावसाळ्यात गुडघाभर पाणी. त्यावर आमच्या हातात काही नाही. भुयारी मार्गाच्या तोंडाशी साचणाऱ्या पाण्याची मापं आणि फोटो अर्जाला जोडून दिले, एवढंच.

30 मार्च, पाडवा

घरी गुढी उभारून कामावर. सावलीचे तीन मांडव, प्रत्येकी 24 मीटर, जिथं घरांची सावली नाही तिथं. नवे पाइप परवडणारे नव्हते. बोअरचे जुने पाइप भंगारातून घेतले: 550 किलो, 55 रुपये किलो, 30,250. हिरव्या जाळीचे दोन रोल, 10,800. वेल्डरची मजुरी 9,000. उन्हाळ्यात नागपूरला सिग्नलवर गाड्यांसाठी जी जाळी बांधतात तीच ही. आमच्याकडं ती पायी चालणाऱ्यांसाठी.

13 एप्रिल

मांडव उभे, पण चार वाजता त्याखाली ऊनच ऊन. जाळी डोक्यावर सपाट ताणली होती. बाराला सावली बरोबर पायाखाली. चारला सूर्य पश्चिमेकडं तिरपा, आणि जाळीची सावली पायवाट सोडून पूर्वेला डांबरावर पडलेली. ट्रॅक्टर सावलीत, बाया उन्हात. शिकलेल्या माणसानं ही चूक करायला नको होती. मेच्या चौथ्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर. मी तेवढंच चित्र मनात धरून मांडव आखला. त्या वेळी आमच्या रस्त्यावर कोणी चालतच नाही.

पहिला उपाय: पश्चिमेच्या बाजूला बुरुडाकडून तट्टे आणून उभे लावले. ऊन थांबलं. दोन दिवसांनी बचत गटाच्या ताई आल्या. "सावली चांगली केली भाऊ, पण आडोसा करून ठेवला तुमी. संध्याकाळच्या गाडीनं आमी यातून कशा जाऊ? आत कोन उभा आहे ते दिसते का?" माझ्या डोक्यात फक्त दुपार होती. तट्टे त्याच दिवशी काढले.

दुसरा उपाय टिकला. पडवीला असतं तसं जाळीचं पाखं पश्चिमेकडं उतरवलं, खालची कड जमिनीपासून 1.9 मीटरवर. त्याखाली पूर्ण मोकळं, आरपार दिसतं. चारच्या उन्हात पाय उन्हात राहतात, डोकं आणि खांदे सावलीत. लोकांना तेवढं पुरतं हे उभं राहून पाहिलं. एक रोल जास्तीचा लागला, 5,400. काढलेले तट्टे वाया गेले नाहीत, त्यांचं पुढं येईल.

1 मे

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. आतापर्यंतचं काम लोकवर्गणी आणि माझ्या पैशांवर होतं, आज ठराव घेऊन पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून काही रक्कम मिळाली. तरुण मंडळाची मागणी होती की स्टेशनासमोर गावाच्या नावाची मोठी प्रकाशित अक्षरं लावायची, फोटो काढायला. मागणी खोटी नाही. आपल्या गावाचं नाव अभिमानानं वाचायला मिळावं असं कोणाला वाटणार नाही? पण त्याच पैशांत जिनिंगच्या भिंतीजवळ सहा दिवे लागतात.

मी सभेत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनचा फोटो दाखवला. तिथं 2012 ला नवा हॉल बाजूला बांधला, मग दर्शनी भागावर 1970 च्या दशकात चिकटवलेलं बांधकाम पाडून टाकलं आणि 2013 ला तिथं मोकळा चौक झाला. जुनी इमारत परत दिसायला लागली ती काही लावल्यानं नाही, काढल्यानं. आमच्या स्टेशनाबाहेर त्या दिवशी वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे मिळून सतरा फ्लेक्स होते, आणि त्यांच्यामागं गावाच्या नावाची जुनी दगडी पाटी. मंडळाच्या पोरांनीच दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरवले, पाटी घासून काढली. दिवे मंजूर झाले.

9 मे

वादळ. पावणेपाचला वावटळ उठली, मागून गारा. मधल्या मांडवाची जाळी अर्धी फाटली, चार खांब कलले. काकाजींनी आधीच सांगितलं होतं, "वावटळ आली का हे जाळं पतंगावानी जाते पाहा."

दोन कारणं सापडली. एक, जाळी 90 टक्के ऊन अडवणारी घेतली होती, म्हणजे वारा जवळपास अडतोच. सावली जास्त म्हणून घेतली, ती शिडासारखी भरली. फाटलेल्या जागी 75 टक्क्यांची लावली. दोन, खांबांचे खड्डे 60 सेंटिमीटरच घेतले होते. मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खांबाभोवतीची माती सुटून जाते. आता खड्डे एक मीटर, खाली मुरूम कुटून, वर काँक्रीट. जाळीला मधे मधे गाठ मारण्याऐवजी कडेनं तार ओवून घेतली, म्हणजे ओढ एका भोकावर येत नाही. दुरुस्ती 13,500 आणि सहा दिवस.

26 मे

मूर्तिजापूरला जाऊन आलो. 22 मे ला देशातल्या 103 नव्यानं सजवलेल्या स्टेशनांचं एकदम उद्घाटन झालं. त्यात विदर्भातलं मूर्तिजापूर आहे, आमगाव, चांदा फोर्ट आणि इतवारी आहे. मूर्तिजापूर म्हणजे शकुंतला या जुन्या छोट्या गाडीचं गाव. यवतमाळ आणि अचलपूर, दोन्हीकडं 762 मिलिमीटरची अरुंद लाइन इथूनच निघायची. इमारतीपेक्षा बाहेर जास्त वेळ बसलो आणि स्वतःसाठी एक कसोटी ठरवली. दारातून निघाल्यावर पहिली सावली किती पावलांवर, पहिलं पाणी किती पावलांवर, आणि पुढची बस कुठून सुटते हे न विचारता कळतं का. घरी येऊन आपल्या स्टेशनाला लावली. सावली 22 पावलं. पाणी 210 पावलं. बस कुठं मिळते हे कळायला मार्ग नाही. पाणपोई दाराजवळ आणायची आणि फाट्याकडं बाण दाखवणाऱ्या पाट्या रंगवायच्या हे दोन्ही त्याच आठवड्यात झालं. खर्च नगण्य. चार महिने आधी व्हायला हवं होतं.

14 जून

पहिल्या 70 मीटरवर सिमेंटचे ब्लॉक बसवले. 1.8 मीटर रुंदी, म्हणजे सुमारे 1,356 चौरस फूट, 42 रुपयांप्रमाणे 57 हजार. आमचे गवंडी नको म्हणत होते. "काळ्या मातीवर काईच टिकत नाही जी. आधी मुरूम टाका." मुरमाचा अंदाज 35 हजारांचा आला, पाऊस तोंडावर होता, मी घाई केली. वरची चार बोटं माती खरवडून, दगडाची चुरी टाकून ब्लॉक बसवले.

2 जुलै

दोन चांगले पाऊस झाले आणि पायवाट लाटांसारखी झाली. काही ब्लॉक तीन बोटं वर, काही खचलेले. एक आजी ठेच लागून पडल्या, हाताला खरचटलं. मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्या काही बोलल्या नाहीत, चहा दिला. त्या दिवशी रात्री झोप लागली नाही.

काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. तिच्यावर बसवलेली हलकी वस्तू ती उचलतेच. घर जड असतं तरी भिंतींना भेगा जातात, ब्लॉकचं काय.

20 जुलै

सगळं उखडून परत केलं. पद्धत लिहितो, कारण विदर्भात हे काम करणाऱ्या प्रत्येकाला लागेल:

जेसीबीनं 60 सेंटिमीटर माती काढली. 9 तास, 1,200 प्रमाणे 10,800. त्यात 45 सेंटिमीटर मुरूम, एकदम न टाकता 15-15 च्या तीन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं कुटून. कुटल्यावर मुरूम बसतो, म्हणून मोजमापानं 20 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) निघत असला तरी 25 मागवा. 1,400 प्रमाणे 35,000. वर चुरी, मग ब्लॉक. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. सगळ्यात महत्त्वाचं, पायवाटेला नालीकडं उतार, म्हणजे पाणी खाली मुरणार नाही. परत बसवायची मजुरी 19,000 आणि फुटलेल्या ब्लॉकचे 6,000.

मुरूम आणि खोदाई आधीही करावीच लागली असती. निव्वळ वाया गेले ते 25 हजार आणि अठरा दिवस. उरलेल्या 550 मीटरला ब्लॉक नकोच असं ठरलं. कुटलेला मुरूम, कडेला दगड, उतार नालीकडं. पावसाळ्यात चिखल होत नाही आणि बिघडलं तर गावातलाच माणूस दुरुस्त करतो.

उताराचीही एक चूक याच वेळी दिसली. नालीवरच्या स्लॅबपासून रस्त्यापर्यंत 30 सेंटिमीटरचा फरक होता, तिथं 1.8 मीटरचा उतार केला होता. दूधवाल्या भाऊंची कॅन लादलेली सायकल चढवताना दोघं लागायचे, आणि गावातला एक मुलगा व्हीलचेअरवर आहे, त्याला तर अशक्य. उताराचं प्रमाण एकास बारा पाहिजे, म्हणजे 30 सेंटिमीटरला 3.6 मीटर लांबी. हे मला पाठ होतं. जागा कमी होती म्हणून मी ते सोडलं होतं. आता उतार सरळ न नेता भिंतीला समांतर वळवला, जागा निघाली. आधी त्या मुलालाच बोलावून चढायला लावायला हवं होतं. या वेळी बोलावलं. तो एकटा चढला.

17 ऑगस्ट

झाडं लावली, करंज आणि कडुलिंब मिळून 38. मांडव तात्पुरते आहेत, पाच-सहा वर्षांत करंजाची सावली आली की काढायचे. खड्डे एक मीटरचे, गाळाची माती आणि शेणखत घालून. पहिल्या खेपेला 12 झाडं उघडी लावली होती, ती बकऱ्यांनी चार दिवसांत संपवली. एप्रिलमध्ये काढलेले तट्टे इथं कामी आले, वळवून प्रत्येक झाडाभोवती बांधले.

गोदामाच्या मागं सायकल स्टँड केला. जवळच्या खेड्यांतल्या मुली सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलींवर स्टेशनापर्यंत येतात आणि गाडीनं कॉलेजला जातात. आतापर्यंत सायकली टपरीमागं ठेवायच्या, पाच रुपये रोज. नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींची जागा आहे, 2019 ला पूर्ण झाली. आमच्याकडं 40 ची आहे आणि आजच 31 भरल्या. मुलींनी एकच मागणी केली: स्टँड तिकीट खिडकीवरून दिसला पाहिजे. म्हणून पत्र्याच्या भिंती न करता नुसतं छत ठेवलं.

21 सप्टेंबर

परत मोजणी, पूर्वीसारखेच तीन दिवस. चालणाऱ्यांची संख्या साधारण तीच आहे. फरक दोन ठिकाणी दिसला. संध्याकाळच्या गाडीनंतर जिनिंगच्या भिंतीजवळ आता बाया कडेनं चालतात, रस्त्याच्या मधून नाही. सहा दिव्यांपैकी पाच लागतात. आणि वहिनी, लेकरू, दोन पिशव्या घेऊन परत चाललो, 14 ऐवजी 11 मिनिटं लागली, थांबलो एकदाच, पाणपोईवर.

राहिलेलं: सहावा दिवा. भुयारी मार्गातलं पाणी, अर्जाला अजून उत्तर नाही, स्मरणपत्र दिलं. फाट्यावर एस.टी.साठी थांबायला शेड नाही, म्हणजे सहाशे वीस मीटर सावलीतून येऊन बाई शेवटी उन्हातच उभी राहते. ती जागा हायवेची आहे, या वेळी सीमेचे दगड आधी शोधले. दोन सापडले, तिसरा रसवंतीच्या ओट्याखाली असावा असं काकाजी म्हणतात. मंगळवारचा बाजार उठला की बुधवारी पाहायला जायचं आहे.